खड्डे खणण्याआधी वाचायची पुस्तके

आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर साडेतीन एकरांच्या एका तुकड्यापुढे ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला अयोग्य, असे लिहिलेले आहे. पुरंदर तालुक्याच्या पूर्वेकडच्या, पावसाच्या ओढीने कायम त्रासलेल्या पट्ट्यातला हा माळ आहे. वर वीतभर मुरूम, खाली कातळ, पावसाळ्यात गुडघाभर गवत आणि दिवाळीनंतर धोतराला, लुगड्याला चिकटणारी कुसळे, एवढीच त्याची ओळख. ‘पोटखराब’ हा शब्द महसुली असला तरी तो वाचताना जमिनीचेच पोट बिघडले आहे असे मला लहानपणापासून वाटत आले आणि निवृत्तीनंतर हाती वेळ आला तेव्हा हे पोट ताळ्यावर आणण्याचे मी मनावर घेतले. 2016 च्या जून महिन्यात जेसीबी लावून दोन-दोन फुटांचे 240 खड्डे घेतले, एका रोपवाटिकेत जी रोपे स्वस्तात मिळाली ती आणली आणि आठवड्याभरात लावून मोकळा झालो. परिसंस्थांचे पुनरुज्जीवन आणि स्थानिक प्रजातींचे जतन या विषयावरची पुस्तके मी वाचू लागलो ती त्यानंतर, आणि त्या वाचनाचा हा हिशेब आहे.

पहिल्या पावसाळ्यात सगळे हिरवेगार दिसले आणि गावातल्या चार जणांनी कौतुकही केले. तिसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस मोजणी केली तेव्हा 240 पैकी 31 रोपे जिवंत होती आणि त्यांतली 22 गिरिपुष्पाची होती. मध्य अमेरिकेतून आलेल्या या झाडाच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘उंदीर मारणारे’ असा आहे आणि आपल्याकडेही त्याला उंदीरमारी म्हणतात. शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत म्हणून ते जगते, आणि जगते म्हणूनच पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर ते इतके लावले गेले. खड्ड्यांच्या कडेला उपसून टाकलेल्या मुरमावर मात्र मी न पेरलेले एक पीक जोमाने आले होते, ते म्हणजे गाजरगवत. माळाची सलग कातडी जिथे जिथे फाडली होती, नेमके तिथे ते उगवले होते. मधल्या न खणलेल्या जागेत ते औषधालाही नव्हते.

दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेला एक धनगरवाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा धनगरांचा तांडा, दरवर्षी आमच्या माळावर एक-दोन मुक्काम करतो. त्या वर्षी वाड्यातल्या आजी खड्ड्यांकडे बघत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “दादा, हितं पवन्या व्हता गुडघ्याएवढा. मेंढरं दोन दिस हलायची न्हाईत. त्यो उपसून हे काय लावलं तुमी?” पवन्या हे गवताच्या एका जातीचे नाव आहे, एवढेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. माझ्या लेखी ते सगळे नुसते ‘गवत’ होते.

लागवडीच्या दिवशी एका मित्राने मला ज्याँ जिओनो या फ्रेंच लेखकाची, झाडे लावणाऱ्या माणसाची छोटी गोष्ट भेट दिली होती. 1953 मध्ये लिहिलेल्या या गोष्टीत प्रॉव्हान्समधल्या उजाड डोंगरावर एल्झेआर बुफिए नावाचा एक धनगर लोखंडी सळईने जमिनीत भोके पाडतो, रोज 100 ओकची फळे पेरतो, आणि काही दशकांत त्या मुलुखात जंगल, झरे आणि माणसे परत येतात. हा माणूस खरा आहे अशी समजूत जगभर पसरली. अखेर 1957 मध्ये एका अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात जिओनोने तो आपण कल्पिलेला असल्याचे आणि लोकांना झाडांची गोडी लागावी एवढाच आपला हेतू असल्याचे सांगितले. हेतू साध्य झाला, याला माझे 240 खड्डे साक्षीला आहेत.

मात्र ही गोष्ट सगळे काही माहीत झाल्यावर पुन्हा वाचली तेव्हा तिच्यातल्या ज्या जागांवरून माझी नजर पहिल्या खेपेस घसरली होती त्या दिसू लागल्या. बुफिए रात्री दिव्याच्या उजेडात एकेक फळ निरखून, चिरलेली आणि बारकी फळे बाजूला काढून मगच 100 निवडतो. एका वर्षी तो 10,000 हून जास्त मॅपल लावतो आणि ते सगळे मरतात. पुढच्या वर्षी तो मॅपलचा नाद सोडून बीचकडे वळतो. मेंढ्या रोपे खातात हे लक्षात आल्यावर मेंढ्या कमी करून तो मधमाश्या पाळू लागतो. म्हणजे गोष्टीतला धनगर सावध आहे, चुका मोजणारा आहे, आणि उतावळे आपण वाचक आहोत. तरीही एक गोष्ट मला खटकते. कथेच्या सुरुवातीला निवेदक सांगतो की त्या डोंगरावर रानटी लॅव्हेंडरशिवाय काहीच उगवत नव्हते. हे ‘काहीच’ म्हणजे आमच्या उताऱ्यावरचे ‘पोटखराब’च आहे. लॅव्हेंडरवर कोण जगत होते, त्या मोकळ्या जागेत कोणते पक्षी घरटी करत होते, हा प्रश्न ना निवेदकाला पडतो ना बुफिएला.

तो प्रश्न ज्याला पडला त्या माणसाचे पुस्तक माझ्या हाती पुढच्या वर्षी आले. ऑल्डो लिओपोल्ड हा अमेरिकी वनाधिकारी, पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातला प्राध्यापक. 1935 मध्ये त्याने विस्कॉन्सिन नदीकाठची शेतीने पिळून टाकलेली, वाळूची एक जमीन विकत घेतली, तिथल्या कोंबड्यांच्या खुराड्याची राहण्याजोगी झोपडी केली आणि बायकामुलांसह सुट्टीच्या दिवसांत तिथे पाइनची रोपे लावायला सुरुवात केली. सुरुवातीच्या लागवडीतली बहुतेक रोपे 1936 च्या दुष्काळात गेली, हे वाचून मला जरा बरे वाटले, हे कबूल करतो. याच जमिनीवरच्या बारा महिन्यांच्या नोंदींतून ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक तयार झाले. ते 1949 मध्ये निघाले, पण लेखकाला पाहायला मिळाले नाही. शेजाऱ्याच्या शेतात लागलेला वणवा विझवायला धावलेला लिओपोल्ड 1948 च्या एप्रिलमध्ये तिथेच हृदयविकाराने गेला.

या पुस्तकातले जुलै महिन्याचे प्रकरण मी किती वेळा वाचले असेल, याची गणती नाही. शेताकडे जाण्याच्या वाटेवर एक जुने गावठी कबरस्तान आहे. त्रिकोणी आकाराचे असल्यामुळे त्याच्या एका टोकदार कोपऱ्यात ना विळा पोहोचला, ना गवत कापायचे यंत्र. आणि त्या कोपऱ्यात, जेमतेम एक वार जागेत, मूळच्या प्रेअरीची म्हणजे तिथल्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशाची, शेवटची खूण उरली आहे. सिल्फियम नावाचे सूर्यफुलासारख्या बशीएवढ्या पिवळ्या फुलांचे, माणसाच्या उंचीचे झाड तिथे दरवर्षी जुलैत फुलते. एके वर्षी 3 ऑगस्टला तो तिथून जातो तेव्हा रस्ता दुरुस्त करणाऱ्यांनी कुंपण काढलेले असते आणि सिल्फियम कापलेले असते. रोज त्या रस्त्याने शेकडो मोटारी जातात आणि एकाही माणसाला काही गेल्याची जाणीव होत नाही.

मला सगळ्यांत भिडला तो त्यापुढचा भाग. हे झाड आपल्या शेतावर न्यावे म्हणून लिओपोल्ड ते खणायला जातो. अर्धा तास घाम गाळून खणल्यावरही एखाद्या प्रचंड उभ्या रताळ्यासारखे ते मूळ खाली रुंदच होत जाते आणि तो हरतो. मग बी पेरतो. बी लगेच रुजते, पण पाच वर्षे वाट पाहूनही त्या रोपांना फुलाचा एक दांडा येत नाही. एका झाडाला प्रौढ व्हायला किती वर्षे लागतात, हे असे स्वतःच्या हरण्यातून सांगणारा लेखक मला जास्त विश्वासाचा वाटतो.

हे वाचल्यावर मी माळावर गेलो तो थेट म्हसोबाच्या कोपऱ्यात. आमच्या माळाच्या वायव्येला शेंदूर फासलेला एक दगड आहे. त्याच्याभोवती यंत्र फिरवायला चालक तयार नव्हता, म्हणून पाच-सहा गुंठ्यांचा तो कोपरा तसाच राहिला होता. तिथे बोराटीचे जाळे होते, एक हिवर होता, हेकळ होती आणि दगडाला टेकून वाढलेली, चार पुरुषांच्या कवेत न मावणारी तरटीची जुनाट जाळी होती. मृगाच्या पावसानंतर खडकाच्या खोबणीतून रानकांद्याचे तुरे आलेले मी इतकी वर्षे पाहत होतो आणि तरीही पाहिले नव्हते. आमचे कबरस्तान ते हेच.

देवाच्या नावाने राखलेल्या जागांचे हे महत्त्व आपल्याकडे शास्त्रीय अंगाने मांडले ते माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी, पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा त्यांचा निबंध 1976 चा आहे. गंमत अशी की ज्यांच्या नावाने आज शहरोशहरी दाटीवाटीची ‘मियावाकी वने’ लावली जातात, ते जपानी शास्त्रज्ञ अकिरा मियावाकी हेसुद्धा मुळात शिंतो देवळांभोवतीच्या राखीव रायांचेच अभ्यासक होते. या जागी माणसाचा हात लागला नसता तर कोणती वनस्पती नांदली असती, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. प्रश्न गाळून फक्त दाटी उचलली की काय होते, ते पुरंदर-बारामतीच्या माळावर ठिबक लावून जगवलेल्या वनांत पाहायला मिळते.

तो पहिला प्रश्न माझ्या माळाला विचारायचा तर उत्तर कुठे शोधायचे? इथे मला प्रेरणादायी पुस्तकांनी हात दिला नाही; दिला तो एका अत्यंत रुक्ष ग्रंथाने. थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेचे, प्राचार्य होते. निवृत्त होऊन इंग्लंडला गेल्यावर त्यांनी ‘द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात भागाभागाने प्रसिद्ध केला. यात एकही रम्य वाक्य सापडणार नाही. वनस्पतीचे लॅटिन नाव, पानाफुलांचे काटेकोर वर्णन, फुलण्याचा काळ, देशी नाव माहीत असेल तर ते, आणि ती कुठे सापडली व कोणी गोळा केली याच्या नोंदी. संग्राहकाच्या नावापुढे उद्गारचिन्ह असेल, तर तो नमुना ग्रंथकाराने स्वतः पाहिला आहे असे समजायचे. या संग्राहकांत वुड्रो, डालझेल असे साहेब आहेत आणि ‘कानिटकर’, ‘भिवा’ अशी नावेही आहेत. हा भिवा कोण, कुठला, याचा खुलासा ग्रंथ करत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी कोणी एक भिवा घाटात, रानात हिंडून झाडाची फांदी खुडत होता, ती कागदात दाबत होता, आणि तिच्या आधारावर आज मी माझ्या म्हसोबाच्या कोपऱ्यातले झुडूप ओळखतो आहे, या विचाराने त्या रुक्ष पानांवरही मी थबकतो.

गवतांसाठी ब्लॅटर आणि मॅकन यांचा 1935 सालचा ‘द बॉम्बे ग्रासेस’ हा ग्रंथ लागतो. त्यातली भिडे यांची रेखाचित्रे समोर ठेवून आणि दहा पट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावून मी दोन पावसाळे बसलो. कुसळीची कुसळे कोवळी असताना एकमेकांना पिळा घालून वेणीसारखी उभी असतात. सुकली की दमटपणा लागताच तो पीळ उलगडतो, कोरडी हवा लागली की पुन्हा वळतो, आणि या वळण्या-उलगडण्यात टोकदार बी गिरमिटासारखे स्वतःला जमिनीत रुजवत जाते. ज्या खड्ड्यांसाठी मी यंत्राचे भाडे भरले होते, ते काम हे बी फुकटात आणि अधिक नेमके करत होते. आजवर अकरा जातींची गवते मला खात्रीने ओळखता आली आहेत, आणि आजींचा पवन्या त्यांत आहे, पण फक्त म्हसोबाच्या कोपऱ्यात आणि उत्तरेच्या बांधाला.

इथे एक शंका मला बरेच दिवस छळत होती. माळ हा मुळात माळच होता, की पूर्वी इथे दाट जंगल होते आणि कुऱ्हाडीने त्याचा माळ झाला? शाळेत आम्हाला दुसरे शिकवले गेले. वनमहोत्सवापासून 2019 सालच्या 33 कोटी वृक्षांच्या संकल्पापर्यंत सगळी धोरणेही त्याच समजुतीवर उभी आहेत, आणि सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशात गवताळ मुलूख अजूनही ‘पडीक’ म्हणून रंगवला जातो. अलीकडे संशोधकांनी या शंकेचे उत्तर चक्क जुन्या मराठी वाङ्मयात आणि लोकपरंपरेत शोधले. चरित्रग्रंथ, कथा, गीते यांत आलेल्या वनस्पतींच्या उल्लेखांचा माग काढून त्यांनी दाखवले की पश्चिम महाराष्ट्राचा हा पर्जन्यछायेतला पट्टा निदान साडेसातशे वर्षे असाच, गवत आणि विरळ काटेरी झाडांचा आहे. ज्यांना हे नवल वाटते त्यांनी आपल्या दैवतांकडे एकदा पाहावे. खंडोबा, बिरोबा, म्हसोबा हे काही दाट अरण्यात रमणारे देव नव्हेत. मेंढरे, घोडी आणि उघडा माळ यांच्याशिवाय त्यांची गाणी उभी राहत नाहीत.

आता ज्या पुस्तकांनी प्रत्यक्ष कामाची रीत शिकवली त्यांच्याकडे वळतो. प्रदीप कृष्ण यांची ‘ट्रीज ऑफ डेल्ही’ (2006) आणि ‘जंगल ट्रीज ऑफ सेंट्रल इंडिया’ ही दोन पुस्तके म्हणायला झाडे ओळखण्याचे वाटाडे आहेत. पण झाड कोणत्या खडकावर, कोणत्या शेजाऱ्यांसह उभे राहते हे त्यांत इतक्या बारकाईने येते की वाचक आपोआप लागवडीचा विचार करू लागतो. त्यांचे खरे न लिहिलेले पुस्तक मात्र जोधपूरला, मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी, राव जोधा उद्यानात उघडे पडले आहे. सुमारे 70 हेक्टरांचा तो ज्वालामुखीच्या खडकाचा भाग वेड्या बाभळीने गिळला होता. ही मेक्सिकोकडची बाभूळ 1930 च्या दशकात संस्थानच्या काळात विमानातून बी टाकून तिथे पसरवण्यात आली होती. 2006 मध्ये काम सुरू झाले तेव्हा वरून छाटली की ती दुप्पट जोमाने फुटे, आणि मूळ तर खडकाच्या भेगेत फूट-दीड फूट खोल. सुरुंग, यंत्रे, रसायने असे उपाय विचारात घेऊन झाल्यावर शेवटी उपयोगी पडले ते खंडवालिया, म्हणजे पिढ्यानपिढ्या दगडाच्या खाणीत काम करणारे कारागीर. ते हातोडीने खडकावर ठोकत, आवाजावरून भेग कुठे आणि कशी गेली आहे ते ऐकत, आणि छिन्नीने नेमके तिथेच फोडून मूळ काढत. मूळ निघाल्यावर खडकात जो खळगा उरे, तोच थोर, कुमट अशा थरच्या खडकाळ भागातल्या रोपांसाठी खड्डा म्हणून वापरला गेला. ज्याला खडक ऐकू येतो त्याच्याशिवाय हे काम झाले नसते, आणि तो माणूस कोणत्याही वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात सापडला नसता.

सह्याद्रीच्या दक्षिण भागातला अनुभव दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन यांच्या लिखाणातून मिळतो. अण्णामलाई डोंगरातल्या वालपराईच्या पठारावर चहा-कॉफीच्या मळ्यांत अडकलेले वर्षावनाचे तुकडे हे दोघे आणि त्यांचे सहकारी दोन दशकांहून अधिक काळ सांधत आले आहेत. रस्त्यावर पडलेले, एरवी मोटारींखाली चिरडले गेले असते असे बी गोळा करायचे, रोपवाटिकेत शंभराहून अधिक स्थानिक जातींची रोपे करायची, आणि घाणेरीसारखे तण हाताने काढून ती लावायची, असा त्यांचा शिरस्ता. शंकर रामन यांचे ‘द वाइल्ड हार्ट ऑफ इंडिया’ (2019) वाचताना त्यांचा संयम जाणवतो. काही वर्षांनी त्याच तुकड्यांत परत जाऊन, न लावलेल्या आणि मूळ जंगलाच्या तुकड्यांशी तुलना करून, झाडांची विविधता आणि साठलेला कार्बन वाढला असला तरी मूळ जंगलाशी बरोबरी अजून दूर आहे, हे त्यांनी स्वतःच मोजून सांगितले आहे. आपल्याकडे लागवडीचे फोटो निघतात. तेरा वर्षांनी कोणी मोजायला जात नाही.

इंग्लंडच्या नेप इस्टेटवरचे इसाबेला ट्री यांचे ‘वाइल्डिंग’ (2018) हे गाजलेले पुस्तक मी आधी नाखुशीनेच उघडले. साडेतीन हजार एकरांची जहागीर असणाऱ्यांनी शेती सोडून दिल्याची कथा साडेतीन एकरवाल्याने काय म्हणून वाचावी? पण त्यातला एक मुद्दा आमच्या बांधापर्यंत येतो. त्यांनी फारसे काही लावलेच नाही. जुन्या वाणाच्या गाई, घोडी, डुकरे मोकळी सोडली, आणि चरण्या-तुडवण्यातून काटेरी झुडपांची जी ठिगळे तयार झाली त्यांत कवडे आणि नाइटिंगेलसारखे गाणारे पक्षी परतले. आपल्याकडे जमीन सुधारायची म्हटले की पहिली पाटी चराईबंदीची लागते. माणसाने रेटलेली बारमाही चराई माळ संपवते हे खरेच, पण वर्षातून दोन मुक्काम करून पुढे जाणारा वाडा ही वेगळी गोष्ट आहे. मी आजींना येऊ नका असे सांगण्याच्या बेतात होतो. या पुस्तकामुळे ते राहून गेले.

उलट, प्रेअरीवरची पुस्तके वाचून माळ पेटवून देण्याचा मोह कोणाला झाला तर मी त्याला हात जोडीन. विस्कॉन्सिनच्या विद्यापीठाने 1930 च्या दशकात जुन्या शेतावर प्रेअरी पुन्हा उभी करायला घेतली आणि आगीवाचून ती टिकत नाही हे त्यांना प्रयोगांती कळले. आपल्याकडे मात्र दर उन्हाळ्यात डोंगरच्या डोंगर कोणी ना कोणी पेटवतच असते, आणि वणव्यात जमिनीवरची घरटी, सरडे, कोवळी झुडपे जातात. त्या देशातले औषध या देशातल्या रोग्याला जशाच्या तशा मात्रेत देता येत नाही.

अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांच्या पुस्तकांनी मला मोजायला लावले. चिकडी नावाच्या चिमणीएवढ्याही नसलेल्या पक्ष्याला एका वेळची पिल्ले वाढवायला 6,000 ते 9,000 अळ्या लागतात, आणि त्या अळ्या मिळतात त्या स्थानिक झाडांवर, हा त्यांचा मुख्य आधार. श्रावणातल्या एका सकाळी मी गिरिपुष्पाच्या एका झाडावर आणि शेजारच्या बोराटीवर प्रत्येकी अर्धा तास अळ्या शोधल्या. गिरिपुष्पावर मावा आणि मुंग्या होत्या, अळी एकही नव्हती. बोराटीवर सतरा मिळाल्या, चार निरनिराळ्या प्रकारच्या. शास्त्र म्हणून याला काडीचीही किंमत नाही हे मला कळते, पण त्या दिवसानंतर गिरिपुष्पाच्या 22 झाडांविषयी माझ्या मनात माया उरली नाही.

मराठीत काय आहे, असे मला विचारले जाते. निसर्गावर प्रेम करायला शिकवणारे लेखन मराठीत भरभरून आहे. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (1956) मी आता बी धरण्याचे पंचांग म्हणूनही वाचतो, कारण कोणत्या महिन्यात काय फुलते आणि काय पिकते हे त्यात चैत्रापासून क्रमाने आले आहे. शरदिनी डहाणूकर यांनी झाडांशी ओळख करून दिली, मारुती चितमपल्लींनी रानातले शब्द वेचून ठेवले, श्री. द. महाजनांनी देशी आणि विदेशी वृक्ष वेगळे करून दाखवले. कमी आहे ते बिघडलेली जमीन दुरुस्त करण्याच्या रीतीवरचे लेखन: कोणते बी कधी धरायचे, किती दिवस टिकते, कोणत्या तणाला कधी हात घालायचा, आणि कोणता प्रयोग फसला. शिवाय ‘देशी’ हा शब्दही आपण सैलपणे वापरतो. कोकणातली सुरंगी देशीच आहे, पण माझ्या माळावर ती गिरिपुष्पाइतकीच परकी आहे. झाड देशाचे असून भागत नाही, त्या मुरमाचे असावे लागते.

तर माळाचे काय झाले, ते सांगून थांबतो. 2019 पासून मी एकही खड्डा घेतलेला नाही. होते ते बुजवले. गाजरगवत फुलावर येण्याआधी, मुळासकट, हातमोजे घालून उपटायचे, हे दर पावसाळ्यात दोनदा करावे लागते आणि अजून तीन वर्षे तरी करावे लागेल. गिरिपुष्प तोडले, पण बुंधे फुटत राहतात. एका खेपेला हातोडी-पहार घेऊन मीही मुळाशी बसलो, पण मला खडकाचा आवाज ऐकू येत नाही. कार्तिकात म्हसोबाच्या कोपऱ्यातून आणि बांधावरून पवन्या, मारवेल, डोंगरी यांचे बी हाताने ओरबाडून पोत्यात भरतो, सावलीत ठेवतो, आणि रोहिणी निघाल्या की बुजवलेल्या खड्ड्यांवर विस्कटतो. दोन वर्षे काही दिसले नाही. गेल्या साली काही खड्ड्यांवर पवन्या लागला.

या दिवाळीनंतर वाडा आला तेव्हा आजी माळाच्या मध्यापर्यंत चालत गेल्या, वाकून दोन काड्या तोडल्या, चावून पाहिल्या. “आला की परत,” एवढेच म्हणाल्या, आणि मेंढरे आत घालू का, असे पहिल्यांदाच विचारले. मी म्हटले, “आजी, खड्ड्यांवरचा एवढा राहू द्या यंदा, बी पडू दे.” त्यांनी पोराला हाळी दिली आणि मेंढरे कडेने वळवली.

तरटीचे बीही पेरले होते, 2021 च्या पावसाळ्यात, दगडाच्या आडोशाला. सात रोपे आली, त्यांतली तीन टिकली. सगळ्यांत मोठे रोप परवा मोजले. अजून वीतभरही झालेले नाही.